कुणाकडचे पाहुणे?

उत्साही : आपल्या जळगावकडच्या, सावद्याच्या माणसाला दक्षिण लांब वाटते ती मनाने, ताई, गाडीने नाही. भुसावळला कर्नाटक एक्सप्रेसमध्ये बसलं की जवळजवळ एका दिवसात बंगळूर येतं, मंगला एक्सप्रेस पकडली तर कोकणातून थेट केरळ. स्लीपरचं तिकीट परवडतं. खिसा रिकामा होतो तो मुक्कामात, आणि म्हणून आपल्याकडचा माणूस दोनच वाटांनी तिकडे जातो. एक तर सहलीच्या बसने, जिच्याबरोबर आचारीही आपलाच असतो आणि मदुराईतसुद्धा रात्री वरण-भात-पोळीच वाढली जाते. नाही तर शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्याने : त्रिचीचं राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र पाहायचं, दोन बागा पाहायच्या आणि परत फिरायचं. मी तिसऱ्या वाटेबद्दल बोलतोय. एकट्याने, थोड्या पैशात, तिथल्या लोकांच्या घरी उतरत उतरत जायचं. दौरा बाग दाखवतो, पण घर दाखवत नाही. आपण घड पाहतो, फण्या मोजतो, भाव विचारतो. खोड शेतातच जातं, आणि पानाकडे लक्ष जातं ते करपा आला तरच. कावेरीकाठच्या घरात तेच झाड स्वयंपाकघरात येतं. केळफुलाची भाजी होते. खोडाचा पांढरा गाभा चिरताना प्रत्येक चकतीतून निघणारे धागे बोटाला गुंडाळून बाजूला काढतात आणि मग तो शिजवतात. पान मांडतात तेव्हा त्याचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, आणि जेवण झालं की पान स्वतःकडे मिटायचं. केळीवर जगणाऱ्या आपल्या गावाला केळीबद्दलच जे माहीत नाही, ते त्या घराच्या ओट्याशी उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.

साशंक : ओट्याशी उभं राहणारा एक, भाऊ, आणि ओट्याशी काम करणारी दुसरी. माझी शंका तिथूनच सुरू होते. तुम्ही 'थोड्या पैशात' म्हणालात. खर्च कमी झाला की नुसता तुमच्या खिशातून निघून दुसऱ्याच्या घरात गेला, हे आधी पाहायला हवं. पाहुणा एक दिवसाचा असला तरी पाणी जास्त भरावं लागतं, अंथरूण काढावं लागतं, सकाळी लवकर उठावं लागतं, आणि पाहुणा परका पुरुष असेल तर घरातल्या बाईला स्वतःच्याच घरात पदर सावरून वावरावं लागतं. 'या, राहा' म्हणतो तो बहुधा घरातला कर्ता पुरुष, आणि त्या शब्दाची किंमत चुकवते ती वेगळी व्यक्ती. आपल्याकडे हिवाळ्यात भरताची पार्टी होते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, ठेचतात, मळ्यात बसून शंभर माणसं जेवतात आणि ते काम बरेचदा पुरुषच करतात. त्याचं कौतुक होतं, कारण ते सणासारखं एखाद्या दिवशी असतं. रोजची भाकरी थापणाऱ्या हाताचं कौतुक कुणी करत नाही. तुमचा एकटा प्रवासी या दुसऱ्या, न दिसणाऱ्या कामावर जगतो. लॉजवाल्याला तीन-चारशे रुपये दिले असते तर निदान चादर धुणाऱ्याची मजुरी त्यातून निघाली असती.

उत्साही : मजुरीचा मुद्दा मान्य. पण परक्याला घरचं अन्न देणं म्हणजे कुणाची तरी लूटच, असं म्हणायला मी तयार नाही, कारण आपल्याच लोकांनी दक्षिणेत याची मोठी व्यवस्था उभी केली होती. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं, म्हणजे वाटसरूंसाठी अन्नछत्रं, बांधली, ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र त्यातलंच एक. १७९९ मध्ये राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, तेव्हा दुसऱ्या सरफोजी राजांना काळजी वाटली ती या छत्रांची. १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून तिथे काय चालतं ते सविस्तर कळवलं. ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्याला जेवण. शिजवलेला भात नको असेल त्याला कोरडा शिधा. आजाऱ्याला बरा होईपर्यंत औषधपाणी. आणि मला सगळ्यांत हलवून जाते ती एक बारीक गोष्ट : हे वाढणं मध्यरात्रीपर्यंत चालायचं, मग घंटा वाजवून पुकारा व्हायचा की अजून कुणी उपाशी असेल तर त्याने यावं. त्या घंटेच्या क्षणी वाढणाऱ्याला ठाऊक नसायचं की अंधारातून कोण येणार आहे. काशीहून निघालेला माणूस रामेश्वरापर्यंत त्या भरवशावर चालत जायचा. मी ज्या प्रवासाची बाजू घेतोय त्याचा पाया हा भरवसा आहे.

साशंक : घंटेची गोष्ट मलाही मोठी वाटते. पण ती घंटा कुणाच्या जिवावर वाजत होती? छत्रांना गावं लावून दिली होती, त्यांच्या महसुलावर ती चालत. म्हणजे भात कावेरीच्या खोऱ्यात राबणाऱ्या कुळाचा आणि पुण्य राजाचं. तरी मी छत्राला कमी लेखत नाही, कारण तिथे ओझं निदान वाटलेलं होतं आणि कामाला माणसं नेमलेली होती. आपल्या वारीतही तसंच आहे. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी निघते ती बुलढाणा, जालना, बीड करत महिनाभराहून अधिक चालून पंढरपूरला पोचते. वाटेतल्या गावांना तिथी ठाऊक असते, पंगत कुणाची हे ठरलेलं असतं, गाव मिळून करतं. शहादा-प्रकाशाकडून जाणाऱ्या नर्मदेच्या परिक्रमावासीयालाही सदावर्तात पुष्कळदा शिधाच मिळतो : पीठ, डाळ, मीठ. चूल त्याने पेटवायची. या जुन्या चालीत सोवळ्याचा विचार होता हे खरं, पण तिच्यामुळे यजमानीण सुटायची हेही खरं. तुमचा प्रवासी यातलं काहीच पाळत नाही. तो एकटाच एका घरावर जाऊन पडतो, तिथी न सांगता, आणि त्याला शिधा नको असतो, 'घरचं जेवण' हवं असतं. शिवाय पालखीबरोबर चालणारा देवासाठी निघालेला असतो. हा स्वतःला काही पाहायचंय म्हणून निघालेला. त्याचं ओझं दुसऱ्याने का उचलावं?

उत्साही : देवासाठी निघालेलेही नुसते घेत नव्हते, काही देत होते. पंडिता रमाबाईंचं कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थं करत फिरलं, दक्षिणेतही फिरलं. वडील अनंतशास्त्री, त्यांची पत्नी आणि मुलं देवळांत पुराण सांगायची, आणि ऐकणाऱ्यांनी पुढे ठेवलेल्या धान्यावर, पैशांवर त्यांचा निर्वाह चालायचा. तंजावरात आणि मन्नारगुडीत रामदासी मठ झाले तेही फिरत्या माणसांमुळेच. पाहुणा काहीतरी घेऊन येत असे : कथा, औषध, दूरच्या मुलखाची खबर. आजच्या प्रवाशाने तेच करावं. चार दिवस राहायचं तर एक दिवस स्वयंपाक त्याने करावा, भरीत करून वाढावं, कळण्याची भाकरी थापायला शिकून जावं आणि तिथे थापून दाखवावी. जाण्याआधी शंभर शब्द तमिळ किंवा कन्नड शिकावं. कर्नाटकात भेटल्या भेटल्या 'ऊट आय्ता?' विचारतात, तमिळनाडूत 'साप्पिट्टाच्चा?' आणि आपल्याकडे 'जेवण झालं का?' तिन्ही ठिकाणी बोलण्याचं पहिलं पाऊल एकच आहे, आणि लॉजच्या काउंटरवर ते कुणी टाकत नाही. तिथे ओळखपत्र मागतात. घरात भाषा वापरल्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून एकट्यानेच जायचं. दोघं गेले की दोघं आपसात मराठीत बोलत बसतात आणि यजमान बाहेरच राहतो.

साशंक : रमाबाईंचं नाव तुम्ही काढलंत, तर ती गोष्ट पुरी सांगायला हवी. दुष्काळ पडला तेव्हा पुराण ऐकणारेच उपाशी होते, मग पुढे धान्य कोण ठेवणार? १८७४ मध्ये काही महिन्यांच्या आत आईवडील आणि बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ उपासमारीत पायी चालत राहिले, १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. लोकांच्या दारावर चाललेला प्रवास चांगल्या वर्षापुरता असतो. आणि चांगल्या वर्षातही पुराण सांगण्याचा मान जन्मावर ठरायचा. ज्याला तो जन्म नाही त्याने काय द्यावं, म्हणजे दार उघडेल? आता माझ्या खऱ्या शंकेवर येते. आपल्या गावात स्टँडवर कुणी अनोळखी उतरला की पहिला प्रश्न येतो, 'कुणाकडचे पाहुणे?' त्यात आपुलकी असते, पण चाळणीही असते. १९२९ साली डॉ. आंबेडकर मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून आपल्या खानदेशात आले. धुळे लाइनवरच्या एका गावाहून परतताना चाळीसगावला उतरले, कारण तिथल्या महारवाड्यातल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला. स्टेशनवर त्यांना बराच वेळ थांबावं लागलं. टांगेवाले अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. शेवटी टांगा भाड्याने दिला, हाकणारा दिला नाही. पाहुण्याला चालत नेणं त्यांच्या इभ्रतीला शोभणारं नाही म्हणून वस्तीतलाच एक जण हाकायला बसला, त्याला ती सवय नव्हती, आणि नदीवरच्या कठडा नसलेल्या फरशीवर चाक अडकून आंबेडकर दगडांवर फेकले गेले. पाय मोडला. पैसे द्यायची तयारी होती, यजमान उत्सुक होते, पाहुणा बॅरिस्टर होता. तरी रस्ता सरळ मिळाला नाही. आदरातिथ्याची परंपरा सांगताना या फरशीवरून जावंच लागतं.

उत्साही : जावंच लागतं, आणि मी वळसा घालणार नाही. फक्त तिथे मला दोन गोष्टी दिसतात. टांगेवाल्यांनी पैसे पुढे असताना पाहुणा नाकारला. महारवाड्याने जवळ काही नसताना पाहुण्याचा हट्ट धरला, आणि त्याच्या मानासाठी त्याचाच जीव धोक्यात घातला. पाहुणचार हा सुखवस्तूंचा शौक नाही, ज्याला माणूस म्हणून मान नाकारला गेलाय त्याला यजमान होण्याची आस सर्वांत जास्त असते, हे चाळीसगावने दाखवलं. दुसरी गोष्ट बडोद्याची. तिथे आंबेडकरांनी पैसे मोजून पारशी धर्मशाळेत खोली घेतली होती, पारशी नाव लिहून. काही दिवसांत काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. म्हणजे तुमचं लॉजही विचारतंच, 'कुणाकडचे?' आजही एकट्या बाईला, लग्न न झालेल्या जोडप्याला, अमुक धर्माच्या नावाला 'रूम नाही' सांगणारे काउंटर आहेतच. पैसा दिला म्हणजे चाळणी गेली, असं होत नाही.

साशंक : पण बडोद्याचा पुढचा भाग लॉजबद्दल नाही, घरांबद्दल आहे. बाहेर काढल्यावर आंबेडकर दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, त्याने सांगितलं की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला, तो म्हणाला बायकोला विचारावं लागेल. धर्मशाळेच्या दारात काठ्या होत्या, घरांच्या दारात गोड शब्द होते, आणि माणूस बागेत बसून राहिला. या दोन नकारांत आज मोठा फरक पडलाय. संविधानाच्या कलम १५ ने दुकानं, हॉटेलं, उपाहारगृहं यांच्या दारात धर्म, जात, लिंग, जन्मस्थान विचारून अडवायला मनाई केली. काउंटरवरचा माणूस खोटं बोलला तर त्याला जाब विचारता येतो. घराला हा नियम लागू नाही, आणि लागू असावा असं मीही म्हणणार नाही, कारण कुणाला घरात घ्यायचं हे बाईने ठरवावं, असंच माझं म्हणणं आहे. मग तुमची तिसरी वाट नेमकी त्या जागेतून जाते जिथे नकाराला कारण लागत नाही. केरळात शासनाने होमस्टेंना डायमंड, गोल्ड, सिल्व्हर अशा श्रेण्या दिल्या. आपल्याकडे पर्यटन विभागाची निवास-न्याहारी योजना आहे. ते घर की धंदा? दर घेताना धंदा आणि पाहुणा निवडताना घर, असं दोन्ही एकदम चालतं. आणि जिथे पैसा नाहीच, त्या संकेतस्थळांवर तर आधी फोटो, नाव, आधीच्या यजमानांची शिफारस. पूर्वी दारात जाऊन नकार ऐकावा लागे, आता भुसावळ सोडण्याआधीच तो झालेला असतो. उत्तर येतच नाही, एवढंच कळतं.

उत्साही : त्या शिफारशींचा इतिहास तुमच्या बाजूने आहे, कबूल करतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, डेन्मार्कमध्ये 'सर्व्हास' सुरू झालं ते शांततेचं काम म्हणून : देशोदेशीच्या माणसांनी एकमेकांच्या घरी राहावं, म्हणजे वैर कमी होईल. २००४ मध्ये काऊचसर्फिंग आलं, तेही नफ्यासाठी नसलेलं. २०११ मध्ये त्याची नफ्यावर चालणारी कंपनी झाली, २०२० मध्ये अनेक देशांतल्या सदस्यांना वर्गणी लागली. दार उघडणारा फुकट उघडतो आणि मधला नाका पैसे घेतो, हे मलाही सलतं. पण निवडीचं पाप एकट्या यजमानाचं नाही. प्रवासीही निवडतोच. इंग्रजी बोलणारं घर, स्वच्छ संडासाचा फोटो, 'आपल्यासारखी' माणसं. इथे मला चक्रधरस्वामी आठवतात. महानुभाव पंथाने संन्याशाला अटन सांगितलं, भिक्षा सांगितली, आणि भिक्षेचं घर निवडून घ्यायला मनाई केली. जे दार येईल ते. माझ्या प्रवाशाला मी हा नियम लावीन. यजमानाला निवडण्याचा हक्क राहू दे, पाहुण्याने मात्र तो सोडावा.

साशंक : त्याच चक्रधरांनी अनुयायांना कानड आणि तेलंग देशात जाऊ नका, महाराष्ट्रात राहा, असंही बजावलं होतं. तुमच्या दक्षिणेला त्यांनीच कुंपण घातलं.

उत्साही : अनुयायांसाठी. स्वतः ते आधी आंध्रात हिंडून आले होते, लीळाचरित्र त्यांना वरंगळपर्यंत नेतं, आणि त्या काळाच्या भागाचं नाव 'एकांक' आहे. एकट्याने फिरल्याची ती वर्षं. इथे मला तुमच्या चाळणीला खरं उत्तर सापडतं, आणि ते दक्षिणेतच सापडतं. आपला माणूस जिल्ह्यात कुठेही गेला तरी आडनाव त्याच्या पुढे चालतं. चौधरी, महाजन, तायडे, तडवी : ऐकणारा एका क्षणात गाव, जात, कधी पोटजातसुद्धा लावतो. तोच माणूस कुंभकोणमच्या घरात उतरला की ते आडनाव तिथे नुसता आवाज असतो. यजमानाला त्यातलं काही लावता येत नाही. आणि उलटही तसंच. फेब्रुवारी १९२९ मध्ये चेंगलपट्टूला पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीची परिषद झाली, तिने नावामागची जातीची उपपदं टाकायचा ठराव केला. चाळीसगावचा टांगा त्याच वर्षीचा. आज तमिळ माणूस सहसा नाव सांगतो आणि वडिलांच्या नावाचं एक अक्षर, बस. त्याला 'आडनाव काय?' विचारलं तर सांगायला काही नसतं. म्हणून लांब जायचं, ताई. जवळच्या प्रवासात चाळणी दोघांनाही पाठ असते. लांबच्या घरात दोघंही काही वेळ निरक्षर असतात, आणि त्या निरक्षरपणात एकमेकांना नुसतं माणूस म्हणून पाहण्याची संधी मिळते. ती काउंटरवर मिळत नाही, कारण तिथे पाहायची गरजच नसते.

साशंक : हा मुद्दा मी आधी असा पाहिला नव्हता, आणि तो खरा आहे असं मला वाटतं. पण किती वेळ खरा राहतो? उपपद टाकलं म्हणून तमिळ गावातली सवर्णांची ऊर आणि दलितांची चेरी एक झाली नाहीत, वस्त्या अजून वेगळ्याच आहेत. तुम्हाला आडनाव लावता येत नाही, पण कुठल्या गल्लीतल्या घरी उतरलात ते गावाला लावता येतं. आणि यजमानाला तुमचं आडनाव कळलं नाही तर तो दुसरा प्रश्न विचारतो. फार सौम्य आवाजात, पाहुण्याची काळजी म्हणून विचारतो : 'व्हेज की नॉनव्हेज?' त्या एका शब्दात पुष्कळ आडनावं मावतात. संकेतस्थळावर तो रकाना आधीच भरलेला असतो. तुमचा निरक्षरपणा पहिल्या चहापासून पहिल्या पानापर्यंत टिकतो, असं मी म्हणेन.

उत्साही : तेवढाही पुष्कळ आहे. त्या मधल्या वेळात ओळख झालेली असते, आणि ओळख झाल्यावर विचारलेला प्रश्न दारात विचारलेल्या प्रश्नासारखा नसतो. आता उलटी बाजू घ्या. समजा त्रिचीच्या केळीवाल्याचा मुलगा आपली मृगात लावलेली केळीबाग कशी असते ते पाहायला एकटाच भुसावळला उतरला आणि तिथून सावद्याला आला. नाव सांगितलं, पुढे एक अक्षर. राहायला जागा हवी म्हणाला. आपल्या गावात किती दारं उघडतील? आपण तिकडे जाऊन जे मागतो, ते इथे देणार की नाही?

साशंक : दारं उघडतील, भाऊ. केळीचा माणूस म्हटल्यावर आधी मळ्यात नेतील, घडाला हात लावून दाखवतील. उघडायच्या आधी घरात विचारलं जाईल का, ते मला माहीत नाही. विचारलं गेलं आणि बाई 'नको' म्हणाली, तर ती दमलीय म्हणून म्हणाली की त्याचं नाव लागलं नाही म्हणून, हे बाहेर उभ्या असलेल्या मुलाला कधीच कळणार नाही. आणि 'ये' म्हणाली तर पाण्याचा तांब्या पुढे करून 'जेवण झालं का?' विचारेल. त्यानंतरचा प्रश्न तिच्याही ओठावर येईल, माझ्याही येईल. तो गिळायचा ठरवला तरी मला गिळता येईल का, याची खात्री मी आज देऊ शकत नाही.